रक्त एक, आकडे दोन

2021 सालापर्यंत अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात किडनीच्या कामाचे दोन आकडे छापलेले असत. रुग्ण एकच, नळीतले रक्त एकच, त्यातले क्रिएटिनिनही एकच. तरी एका ओळीत ‘आफ्रिकन अमेरिकन असल्यास’ म्हणून एक आकडा आणि दुसऱ्या ओळीत ‘नसल्यास’ म्हणून दुसरा. कृष्णवर्णीयाचा आकडा सुमारे 16 टक्क्यांनी मोठा असे. त्याची किडनी तेवढी अधिक रक्त गाळते, असे सूत्रातच गृहीत धरलेले होते. यातली कोणती ओळ वाचायची हे डॉक्टरने रुग्णाच्या वर्णाकडे किंवा केसपेपरवरच्या नोंदीकडे पाहून ठरवायचे. ही पद्धत वीस वर्षांहून अधिक काळ चालली, आणि ती चालवणाऱ्या बहुतेकांना तिच्यात वावगे काही वाटत नव्हते. सूत्र नामवंत संशोधकांचे होते, प्रतिष्ठित नियतकालिकातून आलेले होते आणि संगणक ते आपोआप सोडवत होता.

16 टक्के हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण किडनीच्या आजारात काही उंबरठे असतात आणि त्या उंबरठ्यांवर आयुष्ये अडतात. अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते ती डायलिसिस सुरू झाल्यापासून, किंवा किडनीच्या गाळण्याचा वेग मिनिटाला 20 मिलिलिटर किंवा त्याखाली उतरल्यापासून. आता एकाच वयाचे दोन पुरुष घ्या, दोघांचे क्रिएटिनिन सारखेच. गौरवर्णीयाचा आकडा 18 आला, की त्याचा काळ मोजला जाऊ लागला. कृष्णवर्णीयाच्या त्याच 18 ला 2009 च्या सूत्रातल्या 1.159 या गुणकाने गुणले, की होतात 20.9. तो उंबरठ्याबाहेर. पुढे किडनी आणखी खालावेपर्यंत त्याने थांबायचे; आणि जी यादी वर्षानुवर्षे सरकत नाही, तिथे उशिरा नंबर लागणे म्हणजे डायलिसिसवर अधिक वर्षे काढणे, काहींच्या बाबतीत किडनी मिळण्याआधीच जाणे. ज्या समाजात किडनी निकामी होण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या तिपटीहून अधिक आहे, त्याच समाजाच्या किडन्या अधिक चांगल्या ठरवणारे हे सूत्र होते.

हा गुणक आला कुठून, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा वाद तिथेच आहे. गाळण्याचा खरा वेग मोजणे वेळखाऊ आणि खर्चिक असते, म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनवरून त्याचा अंदाज काढतात. क्रिएटिनिन तयार होते मुख्यतः स्नायूंत. त्यामुळे रक्तात ते वाढले तर किडनी कमी गाळत असेल, किंवा माणूस नुसताच पिळदार असेल. 2009 च्या सूत्राआधी, 1999 मध्ये, 1628 किडनीरुग्णांच्या मोजमापांवरून एक सूत्र बांधले गेले. त्या रुग्णांपैकी जे कृष्णवर्णीय म्हणून नोंदले होते, त्यांच्यात क्रिएटिनिन तेवढेच असताना गाळण्याचा मोजलेला वेग सरासरीने जास्त भरला. कृष्णवर्णीयांचे स्नायू सरासरीने अधिक असतात, असे कारण दिले गेले आणि सूत्रात गुणक बसला. संशोधकांचा हेतू वाईट होता असे म्हणायला जागा नाही. अंदाज अधिक अचूक व्हावा एवढेच त्यांना हवे होते. पण स्नायू कोणी मोजले नव्हते. रुग्ण काय खातात, कोणती औषधे घेतात, आजार किती जुना आहे, यांतले बरेच काही सूत्राबाहेर राहिले. या सगळ्याच्या जागी एक खूण आली, ती म्हणजे वंश.

मला या लेखात जे म्हणायचे आहे ते इतकेच. वैद्यकीय सूत्रातला वंश हे मोजमाप नसते. न केलेल्या मोजमापाच्या जागी बसवलेली ती खूण असते. म्हणून ‘सूत्रात वंश असावा की नसावा’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. प्रत्येक सूत्रापाशी थांबून विचारायला हवे, की ही खूण नेमकी कशाच्या जागी बसली आहे, ती मूळ गोष्ट आज मोजता येते का, आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत कोण मोजतो.

फुप्फुसांच्या तपासणीचा इतिहास या प्रश्नांशिवाय वाचता येत नाही. श्वासाची क्षमता मोजणारे स्पायरोमीटर हे यंत्र 1840 च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन यांनी प्रचारात आणले. थोड्याच वर्षांत ते अमेरिकेच्या दक्षिणेत पोहोचले. तिथे सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी दुबळी असल्याचे सांगितले आणि त्यावरून निष्कर्ष काढला, की सक्तीचे शेतकाम हेच त्यांच्या प्रकृतीला हितकर आहे. गुलामाने मालकापासून पळून जाणे हा मानसिक रोग आहे, असे 1851 मध्ये मांडणारा हाच गृहस्थ. त्याचे सिद्धांत केव्हाच निकालात निघाले. पण कृष्णवर्णीयांची फुप्फुसे मुळातच लहान असतात ही समजूत मात्र पुढच्या पाहण्यांमधून टिकून राहिली आणि यंत्रांच्या मांडणीत जाऊन बसली. ब्राउन विद्यापीठाच्या लंडी ब्राउन यांनी 2014 च्या आपल्या पुस्तकात हा सगळा प्रवास कागदपत्रांसह मांडला आहे. अगदी अलीकडेपर्यंत या यंत्रांत कृष्णवर्णीयांसाठी 10 ते 15 टक्क्यांची आणि आशियाई लोकांसाठी 4 ते 6 टक्क्यांची सूट धरलेली असे. सूट या शब्दाने फसू नये. फुप्फुसाची क्षमता खरोखरच घटलेली असली, तरी ‘यांच्यात एवढी असतेच’ असे म्हणून अहवाल सामान्य ठरत होता. धुळीत, धुरात, कोंदट वस्तीत राहिल्याने, लहानपणी पोषण न मिळाल्याने फुप्फुसे कमी वाढतात हे आपल्याला माहीत आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या तशाच वस्त्यांत राहावे लागले, त्याची सरासरी कमी भरली तर नवल नाही. पण ती सरासरी ‘त्यांच्यासाठी सामान्य’ म्हणून छापली, की त्या समाजाची झालेली हानी दिसेनाशी होते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2023 मध्ये सर्वांसाठी एकच तुलनेचा पाया वापरावा अशी शिफारस केली.

बाळंतपणातले उदाहरण याहून लहान आहे, पण माझ्या मते सर्वांत बोलके. आधीचे सिझेरियन झालेल्या स्त्रीची पुढची प्रसूती नैसर्गिकरीत्या होण्याची शक्यता किती, हे सांगणारे एक गणित 2007 पासून अमेरिकेत वापरात होते. बाई कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक असेल तर त्यात ती शक्यता कमी दाखवली जाई. आकडा कमी आला की डॉक्टर पुन्हा सिझेरियनकडे झुकणार. म्हणजे जुन्या आकडेवारीत ज्यांच्यावर सिझेरियन अधिक झाले, त्यांच्यावरच ते पुढेही अधिक होणार, आणि उद्याची आकडेवारी पुन्हा तेच सांगणार. 2021 मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने वंश काढून गणित नव्याने बांधले आणि त्यात एक गोष्ट घातली: गर्भवतीला जुनाट रक्तदाबासाठी उपचार चालू आहेत का. अंदाजाची गुणवत्ता टिकली. रक्तदाब ही विचारता येणारी, मोजता येणारी आणि मुख्य म्हणजे आटोक्यात आणता येणारी गोष्ट आहे. वंशावर औषध नसते.

आता या भूमिकेवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला पहिला आक्षेप वजनदार आहे. तो घेणारे चार्ल्स मॅन्स्कींसारखे गंभीर अभ्यासक आहेत. ते म्हणतात, डॉक्टरला निर्णय घ्यायचा असतो तो समोरच्या रुग्णाच्या भल्यासाठी. एखाद्या माहितीने अंदाज सुधारत असेल, तर त्यामागचे कारण जीवशास्त्रीय आहे की सामाजिक याने काय फरक पडतो? माहिती मुद्दाम झाकून ठेवली तर नुकसान त्या रुग्णाचेच. याला पुरावाही आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवेल का, याचा अंदाज घेणाऱ्या सूत्रांचा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या चार हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला. तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वंशाची नोंद गाळल्यावर काही अल्पसंख्य गटांतले धोक्यातले रुग्ण अधिक प्रमाणात सुटून गेल्याचे दिसले. म्हणजे डोळे मिटून वंश खोडून टाकणे हा न्याय नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या सूत्रात ती खूण धोक्यातल्या माणसाला अधिक तपासणीकडे नेते आणि तिच्या जागी मोजायला अजून दुसरे काही हाती नाही, तिथे ती तूर्त राहू द्यावी.

पण या युक्तिवादात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली अशी की वंश ही ठरीव माहिती आहे. ती तशी नाही. ज्याची आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय, त्याची किडनी कोणत्या ओळीत वाचायची? नायजेरियातून काल आलेला विद्यार्थी आणि ज्याच्या घराण्यात तीनशे वर्षांपासून मिश्र रक्त आहे असा अमेरिकन शिक्षक, या दोघांना एकच गुणक कसा लागतो? 1972 मध्ये रिचर्ड लुवॉन्टिन यांनी दाखवून दिले, की माणसामाणसांतल्या जनुकीय विविधतेचा सुमारे 85 टक्के भाग एकेका समूहाच्या आतच असतो. दुसरे गृहीत असे, की सूत्र ज्या निष्पत्तीचा अंदाज बांधते ती निष्पत्ती स्वतः निर्मळ आहे. हे अनेकदा खरे नसते. 2019 मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये अशा एका संगणकीय प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला, जिच्यात वंशाची नोंद मुळात नव्हतीच. कोणत्या रुग्णाला जादा मदत द्यायची हे ती त्याच्यावर होणाऱ्या खर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजारपणात कमी खर्च होत आला होता, म्हणून प्रणालीने त्यांना कमी आजारी मानले. दोष सुधारला तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असा हिशोब त्यांनी दिला. हा अभ्यास दोन्ही पक्षांनी वाचावा असा आहे. वंश घातल्याने जसे सूत्र न्याय्य होत नाही, तसे तो गाळल्यानेही आपोआप होत नाही. काय मोजले जात आहे तिथेच बघावे लागते.

दुसरा आक्षेप जनुकांचा. काही धोके काही समूहांत खरोखर अधिक आढळतात. पश्चिम आफ्रिकेत निद्रारोगापासून संरक्षण देणारे एपीओएल-1 या जनुकाचे काही प्रकार पसरले. त्यांच्या दोन प्रती असल्या की किडनीच्या आजाराचा धोका बराच वाढतो. हे 2010 मध्ये सिद्ध झाले आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र अशा दोन प्रती असणारे आफ्रिकन अमेरिकन सुमारे 13 टक्के आहेत. उरलेल्या 87 टक्क्यांना केवळ त्वचेच्या रंगावरून त्याच धोक्यात गणणे शास्त्राला धरून होत नाही. जनुक तपासता येते, तर ते तपासावे. जनुकशास्त्राची प्रगती या वादात वंशाच्या बाजूची साक्ष म्हणून वारंवार उभी केली जाते. ती खरे तर वंशाची गरजच कमी करत चालली आहे.

किडनीच्या सूत्राचे पुढे काय झाले, ते सांगण्यासारखे आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी वर्गात प्रश्न विचारायला सुरुवात केली. 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दर्शली व्यास, लिओ आयझेनस्टाइन आणि डेव्हिड जोन्स यांनी वंशाचा गुणक लपलेल्या अशा अनेक सूत्रांची यादीच मांडली. सप्टेंबर 2021 मध्ये नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांच्या संयुक्त गटाने वंशविरहित सूत्र वापरण्याची शिफारस केली. 2022 मध्ये प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय यंत्रणेने जुना गुणक बंद केला, आणि जानेवारी 2023 पासून रुग्णालयांना आपल्या याद्या मागे जाऊन तपासायला लावल्या. पुढच्या सव्वा वर्षात 14 हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांचा प्रतीक्षाकाळ दुरुस्त झाला, सरासरीने सुमारे दोन वर्षांनी. चूक मान्य करून गेलेला काळ शक्य तितका परत देण्याचे असे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचित सापडेल. मला यात मोठे समाधान वाटते. आणि ही दुरुस्ती होण्याआधीच जे गेले, त्यांच्यासाठी ती आली नाही याचे दुःखही.

तरी नवे सूत्र निर्दोष नाही. गुणक असलेले 2009 चे सूत्र कृष्णवर्णीयांच्या किडनीचा वेग सरासरी 3.7 एककांनी जास्त दाखवत होते; 2021 चे सूत्र तो 3.6 ने कमी दाखवते, आणि इतरांचा 3.9 ने जास्त. चूक नाहीशी झालेली नाही, ती वाटून घेतली गेली. आकडा कमी आल्याने प्रत्यारोपणाचे दार लवकर उघडते, पण काही औषधांचे डोस घटू शकतात, एखाद्याला किडनीदान करता येत नाही. फुप्फुसांच्या बाबतीतही तेच: नव्या पायामुळे काहींना भरपाई मिळेल, तर काहींना फुप्फुसाची शस्त्रक्रिया झेपणार नाही असे ठरवले जाईल. हा तिसरा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. त्यावरचा उपायही किडनीच्या या संशोधनातच आहे. सिस्टॅटिन-सी नावाचे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशी तयार करतात, त्याचा स्नायूंशी फारसा संबंध नाही. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही मोजून बांधलेले सूत्र वंशाशिवायही सर्व गटांत अधिक नेमके ठरते. तपासणी महाग पडते, आणि सर्वत्र मिळत नाही. पण वंशाची खूण इतकी वर्षे टिकली ती फुकट मिळत होती म्हणूनच.

सिस्टॅटिनचा मुद्दा आपल्याही कामाचा आहे. क्रिएटिनिनवर आधारलेली पाश्चात्त्य सूत्रे भारतीयांच्या किडनीचा वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात, असे चंडीगडच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमापे करून 2018 मध्ये मांडले. स्नायू कमी, आहारात मांस कमी, म्हणून रक्तात क्रिएटिनिनही कमी. त्यामुळे आजारी किडनीही बरी दिसू शकते. जपानने आपल्या लोकांसाठी वेगळा गुणक काढला आहे. भारतीयांसाठीही एक काढा, असे कोणी म्हणेल. पण कोल्हापूरच्या तालमीत घुमणारा, रोज मटण खाणारा पैलवान आणि मेळघाटातली अर्धपोटी राहणारी बाई या दोघांना एकच ‘भारतीय’ गुणक लावला, तर तो दोघांच्याही बाबतीत चुकेल. अमेरिकेत जी चूक झाली ती आपण नव्याने करू नये.

हृदयविकाराच्या बाबतीत मात्र पारडे थोडे दुसरीकडे झुकते, आणि इथे परदेशातल्या मराठी माणसांचा थेट संबंध येतो. ब्रिटनमध्ये वापरले जाणारे क्यूरिस्क हे सूत्र रुग्ण भारतीय, पाकिस्तानी की बांगलादेशी हे विचारते आणि त्यानुसार धोका अधिक धरते. अमेरिकेच्या 2013 च्या सूत्रात मात्र दोनच खाने होते, गौरवर्णीय आणि आफ्रिकन अमेरिकन. इतरांसाठी गौरवर्णीयांचे सूत्र वापरा, असा सल्ला होता. त्याने दक्षिण आशियाई लोकांचा धोका कमी दिसू शकतो, हे सूत्र करणाऱ्यांनीच नमूद केले होते. ब्रिटनमध्ये ती खूण रुग्णाला लवकर उपचारांकडे नेते, म्हणून मी तिला विरोध करणार नाही. पण ती कशाच्या जागी उभी आहे, हे शोधायचे काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. सरासरी 2.7 किलो वजनाच्या त्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र तितकीशी कमी नव्हती. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय 22.3 होता. शरीरातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा 25 ऐवजी 23 वर आणली जाते ती अशा निरीक्षणांमुळे. ही रेषाही एक खूणच आहे; तिच्यामागची खरी गोष्ट म्हणजे पोटातली चरबी, रक्तातली साखर, आईचे गरोदरपणातले पोषण. कमरेला टेप लावला तरी त्यातले बरेच कळते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2023 मध्ये आणलेल्या प्रिव्हेंट या नव्या सूत्रात वंश नाही. किडनीचे काम त्यात मोजलेच जाते. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि राहत्या वस्तीची गरिबी या गोष्टी हव्या असल्यास घालता येतात. मला ही दिशा योग्य वाटते. पण हे सूत्र घराण्यातल्या हृदयविकाराबद्दल काहीच विचारत नाही. म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना सांगणे आहे: तुमच्या वडिलांना, काकांना, मोठ्या भावाला लहान वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कमरेचा घेर आणि साखर मोजून घ्या. आणि इथल्या वाचकांनी, विशेषतः किरकोळ शरीराच्या आणि शाकाहारी माणसांनी, क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे एवढ्यावर न थांबता मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिनही तपासून घ्यावे.